साडेपासष्ट फेरे

माझा कान चांगला आहे, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आणि लोकांनी ते मानलं. नोकरीच तशी होती. जुन्या लाखेच्या रेकॉर्ड धुवायच्या, पुसायच्या, सुई ठेवून वाजवायच्या, त्यातली खरखर काढायची आणि गाणं आजच्या माणसाला ऐकण्याजोगं करून द्यायचं. एकतीस वर्षं एकाच खोलीत बसून मी हे केलं. खोलीला खिडकी नव्हती, भिंतींवर जाड लोकरी कापड ठोकलेलं होतं, आणि दारावर मी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'आत येण्याआधी तोंड बंद करा.' आमची ही म्हणायची, "ती पाटी एकदा घरी आणा, तुमच्याच गळ्यात घालते."

तर या कानाची गोष्ट आहे. सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही.

चिमणी तुम्ही ऐकलीच असेल. नाव ऐकलं नसेल तर गाणं नक्की ऐकलं असेल. रेकॉर्ड नुकत्या निघाल्या होत्या त्या काळातली गायिका. तोवर गाणं ऐकायचं तर गाणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन बसावं लागायचं. हिचा आवाज दुकानांत, खाणावळींत, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत पहिल्यांदा पोचला. बाई तिशीतच गेली. मागे राहिल्या नऊ तबकड्या, दोन्ही बाजू धरून अठरा गाणी. एकाच आठवड्यात, एकाच यंत्रावर भरलेली. कडेला कोरलेले क्रमांकही ओळीने होते, चारशेपासून चारशे सतरापर्यंत. फोटो एक, तोही इतका धूसर की त्यात बाई आहे की पडदा, ते नीट बघावं लागायचं.

ती अठरा गाणी एकत्र करून त्यांचा संच मी काढला. तिला चिमणी हे नावही मीच दिलं, कारण आवाज तसाच होता. बारीक, गोड, जरासा फडफडणारा, एका दमात भर्रकन जाणारा. संच असा चालला की विचारू नका. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. 'जन्मभर अल्लड राहिलेला आवाज' असं कुणीतरी लिहिलं, ते मी कापून पाकिटात ठेवलं. नंतरच्या कितीतरी गायिका तिच्यासारखा बारीक आवाज काढून गायला लागल्या. एकीने तर मला भेटून सांगितलं, "तुमच्यामुळे मला माझा आवाज सापडला." मी मान डोलावली. मोठेपणा घ्यायला मला कधी जड गेलं नाही.

आता थोडं यंत्राचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तबकडीने मिनिटाला किती फेरे घ्यायचे हे आधी ठरलेलं नव्हतं. पुढे अठ्ठ्याहत्तर ठरले. त्याआधी सगळा मनाचा कारभार, कुणी ऐंशीवर भरायचं, कुणी सत्तरवर. हळू फिरवली की एका बाजूत गाणं जास्त मावायचं, म्हणून काहीजण मुद्दाम हळू फिरवायचे. पण ज्या वेगाने भरली त्याच वेगाने वाजवायला हवी. जोरात फिरवलीत तर आवाज वर चढतो, बारीक होतो आणि गाणं लवकर आटपतं. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मला तो माहीत नव्हता असं मुळीच नाही. मी तपासून पाहिलं होतं. गाण्यामागे पियानो होता. रेकॉर्ड अठ्ठ्याहत्तरवर लावून मी तो पियानो माझ्या खोलीतल्या पियानोशी ताडून पाहिला. सूर नेमका पट्टीवर आला, केसाचाही फरक नाही. झालं तर मग! मी वहीत 'वेग बरोबर' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

संच बाजारात येऊन पंधरा दिवस झाले असतील. मी जेवायला म्हणून बाहेर पडलो, तर दाराशी बाकावर एक बाई बसलेली. साठीच्या जवळपासची, बुटकी, गळ्यात माप घ्यायची फीत. ती काढायची विसरूनच घरातून निघाली असावी. मला बघून उठली, पण बोलेना. मी विचारलं, "काय हवंय?" तर तिने पाटीकडे बोट दाखवलं. पाटी वाचून बाई अर्धा तास तोंड मिटून बसली होती.

"बोला, आता बोला," मी म्हणालो.

"मी तिची मुलगी."

"कुणाची?"

"तुम्ही जिची चिमणी केलीत, तिची."

मला आधी आनंदच झाला. गायिकेची मुलगी आहे आणि ती शोधत आपल्यापर्यंत येते, म्हणजे काय चेष्टा आहे? मी तिला आत नेलं, खुर्ची दिली, संच कसा वाटला विचारलं. ती कपडे कमी-जास्त करून देण्याचं काम करायची. बोलणंही मोजूनमापून.

"गाणी आईचीच आहेत," ती म्हणाली. "आवाज आईचा नाही."

"म्हणजे?"

"आईचा आवाज भरदार होता. मी तिच्या पाठीला कान लावून पडायचे. ती गुणगुणली की माझा गाल थरथरायचा. ही तर कुणीतरी पोरगी गातेय."

"तुमची आई गेली तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?"

"नऊ वर्षांची."

"मग बरोबर आहे. नऊ वर्षांच्या मुलीला सगळंच मोठं वाटतं."

ती जराही चिडली नाही. म्हणाली, "तुम्ही तिला आटवलीय. कापड गरम पाण्यात घातलं की लांबीतही आटतं आणि रुंदीतही, तसं. ही दम खायलासुद्धा थांबत नाही. आई थांबायची."

आज लिहिताना माझे कान गरम होताहेत. आवाज वर चढलाय आणि गाणं आखूड झालंय, या दोन्ही गोष्टी बाईने दोन वाक्यांत माझ्यापुढे ठेवल्या होत्या. आमच्या धंद्यातल्या माणसालाही याहून नेमकं सांगता आलं नसतं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बाई, तुम्ही कात्री सांभाळा, आवाज माझ्यावर सोडा." दारातून ऐकणारे कचेरीतले दोघे-तिघे खो खो हसले. मला फार बरं वाटलं.

ती तीनदा आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला वहीतली सही दाखवली, पियानोवर पट्टी वाजवून दाखवली, समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते तुमचं बरोबर असेल, पण ही आई नव्हे." तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने काही वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "एकदा हळू लावून दाखवा. एकदाच. मी ऐकलं की लगेच सांगेन."

अर्धं मिनिट लागलं असतं. यंत्रावर बोटाने फिरवायचा एक खटका होता. रेकॉर्ड समोर होती, यंत्र चालू होतं, बाई समोर बसली होती. पण मी कुणाच्या सांगण्यावरून, आणि तेही एका शिवणाऱ्या बाईच्या, खटका फिरवायचा म्हणजे माझ्या सहीला काय किंमत राहिली?

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणालो. "आठवण बोलते."

ती उठली. मग "बरं" म्हणाली, फीत सारखी केली आणि निघून गेली. पुन्हा आली नाही. मी हा किस्सा कितीतरी वर्षं लोकांना नकला करून सांगत असे. घरी पाहुणे आले की आमची ही म्हणायची, "आता सुरू होईल बघा, शिंपीणबाईचं पुराण."

या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

मी निवृत्त झालो. एक यंत्र आणि एक संगणक घरी मागच्या खोलीत आणून ठेवला. कामाची सवय, दुसरं काय. जुनं सामान विकणारा एकजण अधूनमधून काही तबकड्या आणून द्यायचा. गेल्या महिन्यात त्याने एक आणली. गाण्याची नव्हतीच ती. व्यायामाची होती. त्या काळी घरात उभं राहून कवायत करायला म्हणून असल्या तबकड्या निघत. लेबलावर छापलेलं होतं की सांगणारा सैन्यातला निवृत्त कवायत-मास्तर आहे.

सकाळची वेळ होती. ही त्याच खोलीत मटार सोलत बसली होती, कारण तिथे ऊन चांगलं येतं. मी सुई ठेवली. आतून एक दहा वर्षांचं पोर चिरक्या आवाजात ओरडायला लागलं: "हात वर! हात खाली! छाती पुढे!" ही इतकी हसली की मटारचं ताट कलंडलं.

"हा सैन्यातला?" ती म्हणाली. "याला बघून शत्रू लिमलेटची गोळी देईल!"

मीही हसलो. "वेग चुकलाय. थांब, याला मिशा फुटतील असं करतो."

आणि खटका फिरवायला लागलो. सत्तरवर आणला. "अजून शाळेतच आहे," ही म्हणाली. अडुसष्टवर आणला. "आता कॉलेजात गेला." आणखी खाली आणत गेलो आणि एका जागी आवाज असा बसला की ही आपणहून म्हणाली, "हां, आता मास्तर!" दणदणीत, घोगरा, पोट सुटलेल्या माणसाचा आवाज. मी आकडा पाहिला. साडेपासष्ट.

कधीतरी उपयोगी पडेल म्हणून वहीत टिपून घ्यावं असं मनात आलं. तबकडी उचलून उजेडात तिरकी धरली आणि कडेला कोरलेला क्रमांक वाचला. चारशे अठरा.

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. तुमच्या ध्यानात आलंच असेल. चारशे ते चारशे सतरा चिमणी, आणि चारशे अठरा हा मास्तर. तीच कंपनी, तेच यंत्र, तोच आठवडा. कदाचित ती बाई शेवटचं गाणं गाऊन दारातून बाहेर पडली असेल आणि हा कवायत-मास्तर आत शिरला असेल. मधे यंत्राला कुणी हात लावायचं कारणच नव्हतं.

"काय झालं?" हिने विचारलं.

मी संगणकावर चिमणीचं पहिलं गाणं काढलं, अठ्ठ्याहत्तरचं साडेपासष्ट केलं आणि लावलं.

एक बाई गायला लागली. पोरगी नव्हे, बाई. छातीतून गाणारी, जरा दमलेली, सगळं बघून झालेली. अल्लडपणा कुठेही नव्हता. तो फडफडणारा कंप आता सावकाश, मोठ्या लाटेने येत होता. जे गाणं मी वीस-बावीस वर्षं खेळकर म्हणून ऐकवलं ते विनवणीचं होतं. कडवं संपलं की ती थांबायची, श्वास घ्यायची, तो श्वास ऐकू येत होता, आणि मग पुढचा शब्द उचलायची. संचात तीन मिनिटांत संपणारं गाणं साडेतीन मिनिटांच्याही पुढे गेलं.

पियानोही तपासला. तो आता तीन पट्ट्या खाली बसला होता, पण तोही नेमका. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. अठ्ठ्याहत्तर आणि साडेपासष्ट यांत बरोबर तीन पट्ट्यांचं अंतर पडतं. वर वाजवा नाहीतर खाली, पियानो दोन्हीकडे पट्टीवरच येणार. मी पट्टी तपासली, बाई तपासलीच नाही. नवशिक्याने अशी चूक केली नसती, कारण त्याने पियानो ताडूनच पाहिला नसता, सरळ कुणालातरी विचारलं असतं. ही चूक करायला माझ्यासारखा जाणकारच लागतो.

मला रडू आलं. उगाच मोठ्या गोष्टी सांगत नाही, नाकातोंडातून पाणी आलं. ही मटार तसेच टाकून उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गाणं संपेपर्यंत उभी राहिली.

मग म्हणाली, "म्हणजे ती शिंपीणबाई काय खोटं बोलत होती?"

"नाही."

"आणि आपण हसलो."

मी डोळे पुसले आणि आता हेही सांगूनच टाकतो, माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "वर्तमानपत्रात कळवायला हवं. मोठा शोध आहे हा." हिने खांद्यावरचा हात काढला.

"लाज वाटू द्या थोडी," ती म्हणाली. "आधी त्या बाईकडे जा. तिची आई आहे ती. गावाला मागाहून सांगा."

सगळी अठरा गाणी नीट करून मी सीडीवर घेतली. बाईचं नावगाव माझ्याकडे नव्हतं. तिने दुसऱ्या खेपेला पत्त्याची चिठ्ठी माझ्या फळ्यावर टाचणीने लावून ठेवली होती, ती मी त्याच दिवशी काढून टाकली होती. टपाल कार्यालयामागच्या गल्लीत कुठेतरी दुकान आहे एवढं ऐकल्याचं आठवत होतं. गल्लीत शिवणाची चार दुकानं निघाली. तिसऱ्या दुकानदाराने सांगितलं, "आईचं गाणं लावून काम करते तीच ना? ती काय, समोर."

दुकान म्हणजे एका माणसाच्या रुंदीचा बोळ. दोन्ही भिंतींना कोट टांगलेले, बाह्यांवर खडूच्या रेघा, पाठीवर टाचण्या. चाळिशीची एक बाई शिवणयंत्रावर बसली होती. ती तिची भाची. मी कोण ते न सांगता म्हणालो, "मावशींना भेटायचंय, जुनी ओळख आहे."

"वर आहेत. जा ना. कान चांगले आहेत त्यांचे, ओरडून बोलू नका, रागावतात."

जिना चढताना वरून गाणं ऐकू येत होतं. माझाच संच, अठ्ठ्याहत्तरवरची चिमणी. आणि तिच्याबरोबर एक म्हातारा आवाज गुणगुणत होता. मी जिन्यातच थबकलो. माझा कान चांगला आहे ना! सूर अगदी बरोबर लागत होता. चुकीच्या गाण्याशी बरोबर.

खोली लहान, पण उजेडाची. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर कोट, हातात सुई. एक्क्याऐंशी वर्षांची बाई चष्मा कपाळावर सरकवून अस्तर शिवत होती. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं, गाणं बंद केलं.

"ओळखलंत का?" मी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? पाटीवाले." ती हसली. "बसा. तोंड उघडलं तर चालेल इथे."

मी बसलो.  तेवढ्यात तीच म्हणाली, "बरं झालं आलात. तुमची माफी मागायची राहून गेली होती."

"माझी?"

"तुमचंच खरं होतं. मी हट्टाला पेटले होते. तीनदा येऊन तुमचं काम खोळंबवलं." सुई अस्तरात टोचून तिने हात मोकळे केले. "घरी गेल्यावर मी ते तुमचं गाणं कपाटात टाकून दिलं होतं. दोन वर्षं काढलं नाही. मग एकदा तापाने पडले. घरात कुणी नाही, भाची तेव्हा इथे नव्हती. म्हटलं, आई नसेना का, आईची गाणी तर आहेत. लावलं. मग सवयच लागली. रोज सकाळी कामाला बसताना लावते. हळूहळू पटत गेलं. लहानपणचं काय खरं असतं? आता आई म्हटलं की हाच आवाज कानात येतो."

"आणि तो आधीचा?" मी विचारलं. "पाठीला कान लावायचात, गाल थरथरायचा..."

"असं मी म्हणाले होते खरं. म्हणाल्याचं आठवतं." तिने अस्तराची सुरकुती सारखी केली. "ऐकू नाही येत."

वाटलं, उठावं आणि घर गाठावं. बाई समाधानात आहे, ते मोडायचं कशाला? आणि खोटं कशाला बोलू, त्यात माझीही सोय होती. माफी मिळालेली होती, तीही न मागता. जिना उतरलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण माझ्या चुकीसाठी ती बाई माझी माफी मागून बसली होती, आणि ते माझ्या घशाखाली उतरेना.

मी सगळं सांगितलं. मास्तर, त्याचा चिरका आवाज, चारशे अठरा, तीन पट्ट्या, माझी सही. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, कोटाकडे बघत होतो. 

मग तिने विचारलं, "म्हणजे मी खरं बोलत होते?"

"हो."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

आणि तिचा चेहरा असा उजळला की मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक्क्याऐंशी वर्षांची म्हातारी एकदम मुलगी दिसायला लागली. तिने कोट मांडीवरून बाजूला केला, जिन्याकडे तोंड करून भाचीला हाक मारली, "अगं ए, वर ये! सगळं सोड नि वर ये! आई आलीय!"

भाची धावत आली. मी सीडी दिली. भाचीने लावली. बाईने चष्मा काढून ठेवला, पदर सारखा केला, पाहुणे दारात उभे असल्यासारखी सावरून बसली आणि डोळे मिटले.

गाणं सुरू झालं. तो भरदार, सावकाश आवाज खोलीभर झाला. भाची आ वासून ऐकत राहिली. मी बाईच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ओठांवर हसू तयार होतं, वाट बघत होतं. पहिलं कडवं झालं. हसू तसंच होतं. आवाज थांबला, त्याने श्वास घेतला, दुसरं कडवं धरलं. बाईने मान थोडी तिरकी केली. कपाळावर एक आठी आली. गाणं संपलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

पुन्हा लावलं. या वेळी ती पुढे वाकून बसली. दोन्ही हात छातीशी धरले होते. मधेच तिने त्या आवाजाबरोबर गुणगुणायचा प्रयत्न केला, पण गळा आपोआप वर पळत होता, माझ्या संचातल्या जागी. दोन सूर एकमेकांशी जुळेनात, तशी ती गप्प झाली.

तिसऱ्यांदा तिने शेवटपर्यंत ऐकलं नाही. मधेच हात वर केला. भाचीने बंद केलं.

"छान गाते हो," बाई म्हणाली. शेजारणीची सून गाऊन गेल्यावर म्हणावं तसं, अगदी मनापासून. "फार छान गाते. पण मला ती भेटत नाहीये. कुणीतरी दुसरीच आहे."

"तुमचीच आई आहे," मी म्हणालो. "यंत्र..." आणि जीभ चावली.

"असेल ना. तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता. "तेव्हा मला सांगावं लागलं नसतं. तेव्हा ती माझ्या कानात होती. तुम्ही हळू लावलं असतं, तर मी दारातूनच ओळखलं असतं. मी तुमच्याकडे मागितलं होतं तरी किती? अर्धं मिनिट."

"माझं चुकलं."

"हो, चुकलंच," ती म्हणाली. ठीक आहे, असू द्या, असं काही म्हणाली नाही. मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती. निदान ठेवली नव्हती असं आता म्हणतो.

भाची तिच्या खुर्चीशी बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मावशी, होईल गं सवय. रोज लावू. हळूहळू ओळखीचा वाटेल."

"पहिली अंगवळणी पडायला वीस वर्षं लागली," बाई म्हणाली. "आता आणखी वीस कुठून आणू?"

 खाली गल्लीत कुणीतरी दुकानाची फळी आपटून लावली. बाईने चष्मा चढवला, कोट मांडीवर ओढला, सुई शोधायला लागली. ती अस्तरातच टोचलेली होती, पण तिला दिसेना. भाचीने काढून हातात दिली. मग भाची उठली आणि म्हणाली, "बरं, जुनंच लावते. तुला काम करताना लागतं ना?"

"नको."

"का गं?"

"तीही आई नव्हे ना," बाई म्हणाली आणि टाके घालायला लागली.

मी बराच वेळ बसून राहिलो. तिने मला जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. एकदा फक्त कात्री मागितली, ती मी दिली. शेवटी उठलो. भाची दारापर्यंत सोडायला आली आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, की ती या घरात आल्यापासून मावशी गाण्याशिवाय कामाला बसल्याचं तिने आज पहिल्यांदा पाहिलं.